डिस्कवरचा गंज आणि साळवी स्टॉपचे मिस्त्री

बिल २,३५० रुपये. पुढच्या ब्रेक पॅडचा जोड १,७००, ब्रेक क्लीनरचा डबा ३५०, मजुरी ३००. वहीच्या पानावर बॉलपेनाने लिहिलेलं, खाली गाडीचं रीडिंग: १,८६२ किलोमीटर. दोन महिन्यांच्या गाडीला पॅड का बदलावे लागले हे सांगितल्याशिवाय या गॅरेजबद्दल नीट लिहिता येणार नाही, म्हणून थोडं मागून सुरू करते.

मी रत्नागिरीत मिऱ्याला राहते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. सकाळी सहाला घरोघरी रक्ताचे नमुने घ्यायला निघावं लागतं, पावसात स्कूटरवर ते जमेना, म्हणून मेच्या शेवटी छोटी हॅचबॅक घेतली. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. अंगणात उभी असते, वर छप्पर नाही आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात बंधाऱ्यावर लाटा फुटल्या की खारं तुषार खिडकीच्या काचेपर्यंत येतं.

जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला होता आणि मीही तापाने घरात होते. पाचव्या दिवशी गाडीकडे गेले तर व्हील कॅपच्या फटींतून आतली डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि ब्रेक लागताना पॅड जिला धरतात ती चकती, नारिंगी दिसत होती. बोट फिरवलं, बोटाला पूड लागली. गाडी हलवताना चाकाकडून ‘टक्’ असा आवाज आला, पुढचे चार-पाच ब्रेक खरखरत लागले. मग आवाज गेला. पण माझ्या मनातून तो गंज जाईना. कर्ज सात वर्षांचं, आणि दुसऱ्याच महिन्यात गंज!

त्याच आठवड्यात गाडी धुवायला दिली. वॉशिंग सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या मुलाने जे केलं ते मला बरं वाटावं म्हणून केलं. मी गंजाचं बोलले, आणि त्याने गंजलेले नट सैल करायचा स्प्रे दोन्ही पुढच्या डिस्कवर मारून फडक्याने पुसला. डिस्क आरशासारखी झाली. मी त्याला वर वीस रुपये दिले.

तिथून थिबा पॉइंटला एका आजींचं सॅम्पल घ्यायचं होतं. परत येताना उतारावर पुढची रिक्षा थांबली. मी पेडल दाबलं. पाय नेहमीएवढाच गेला, पण गाडी धरेना, साबणावर पाय पडावा तशी घसरत राहिली. पेडल तळाला नेलं, हँडब्रेक ओढला, आणि रिक्षाच्या मागच्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. रिक्षात मागे एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. ते अंतर मला अजून दिसतं.

आमच्या लॅबच्या ड्रायव्हरने या मिस्त्रींचा नंबर दिला. फोनवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आज गाडी कुठे धुतलीत काय?” हो म्हटल्यावर म्हणाले, “हलवू नका, मी येतो.” अर्ध्या तासात स्कूटरवरून आले, चाकात हात घालून डिस्कवर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. नंतर गाडी स्वतः पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गॅरेजला नेली. येण्याचे पैसे मागितले नाहीत, बिलातही लावले नाहीत. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ते डब्यात बंद असतात, त्यांना स्प्रे लागला नव्हता, म्हणून गाडी थांबली तरी, असं त्यांनी वाटेत सांगितलं.

गॅरेज म्हणजे साळवी स्टॉपच्या पुढे एक पत्र्याची शेड. बोर्ड नाही. नाव छापू नका, आहे तेवढंच काम आवरत नाही, असं त्यांनीच सांगितलंय. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, तीही बहुतेक वेळा सुट्या भागांनी भरलेली. पण मला बसायचं नव्हतंच. चाक उतरवल्यापासून ते मला जवळ बोलावून दाखवत होते.

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडून त्यांनी पॅड माझ्या हातात दिला. खडूच्या जाड वडीसारखा दिसतो. त्याच्या घासणाऱ्या काळ्या बाजूवर तेलाचा ओलसर डाग आत जिरलेला होता. “ह्याला बारीक बारीक छिद्रं असतात ताई, तेल पिऊन बसतो. वरून घासला तरी गरम झाला की परत बाहेर टाकणार.” डिस्क क्लीनरने धुऊन निघाली, पॅड मात्र बदलायलाच हवे होते. घासून परत बसवले असते तर माझे १,७०० रुपये वाचले असते आणि मला कळलंही नसतं. त्यांनी ते केलं नाही.

मग गंजाचं. मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “घरी बिडाचा तवा आहे ना?” आहे, आईचा. “धुऊन तसाच ठेवला तर?” तासाभरात तांबूस होतो. डिस्कही बिडाचीच. पॅडने तिला घट्ट धरायचं असतं, म्हणून घासणाऱ्या भागावर रंग किंवा लेप टिकू शकत नाही, ते उघडं बीडच राहतं. त्यावर पाणी पडलं, वर खारी हवा, की एका रात्रीत लाल थर चढतो. केसाहूनही पातळ. गाडी निघाली, पाच-सात वेळा हलका ब्रेक मारला की पॅडच तो पुसून काढतो. चार दिवसांनी आलेला तो ‘टक्’ म्हणजे ओलाव्यात पॅड डिस्कला चिकटून बसला होता, तो सुटला. तव्याला गंज चढू नये म्हणून आपण तेलाचा हात फिरवतो, आणि तोच हात डिस्कवर फिरला की ब्रेक जातो. मला हे तिथे उभं राहून जितकं नीट कळलं तितकं गाडीच्या जाडजूड मॅन्युअलमधून कळलं नव्हतं.

लॅबमध्ये मी दिवसभर मोजमापं घेते, त्यामुळे पुढचं फार आवडलं. त्यांनी व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, काढून डिस्कची जाडी पाच ठिकाणी मोजली. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. माझ्या डिस्कवर २० मिलिमीटर आहे, आणि माप सगळीकडे २१.९ आलं. मधला टोपीसारखा भाग आणि बाहेरची कड लालच राहते, तिथे पॅड पोचत नाही, त्याची काळजी करायची नाही. काळजी कधी करायची, तर घासणाऱ्या पट्ट्यात पाच-सात ब्रेकनंतरही गंजाची रेघ तशीच राहिली तर, कारण मग कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन जाम झालेली असू शकते. नखाला खड्डे किंवा चर लागले तर. ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरलं तर. शेडच्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या एका गाडीची डिस्क पडली होती. तिच्यावर नख फिरवलं, देवीच्या व्रणांसारखे खड्डे लागले. तो गंज ब्रेक मारून जात नाही.

त्या आधीच पहिल्या फ्री सर्व्हिसला माझ्यापुढे डिस्कच्या ‘अँटी-रस्ट ट्रीटमेंट’चं ३,२०० रुपयांचं एस्टिमेट ठेवलं गेलं होतं. मी विचारलं, पॅड रोज घासणार त्या जागेवर हे औषध टिकणार कसं? उत्तर मिळालं नाही, मी सही केली नाही. आता वाटतं, तो प्रश्न वॉशिंग सेंटरमध्येही विचारायला हवा होता. मात्र खालच्या बाजूच्या कोटिंगला मिस्त्रींनी होच म्हटलं. मिऱ्यासारख्या ठिकाणी ते कराच, फक्त दरवाजांच्या तळाची पाणी जायची भोकं बुजली नाहीत ना, ते काडी घालून बघा. माझ्या एका दरवाजाचं भोक खरंच बुजलेलं निघालं. लगेच मोकळं करून दिलं.

जाता जाता जे सांगितलं त्यातलं मी पाळते ते असं. धो धो पावसात गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल आणि जागा सपाट असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवायची, चाकाला चिरा लावायचा. धुतल्यावर लगेच उभी करायची नाही, गल्लीला एक फेरी मारून ब्रेक कोरडे करायचे. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या चाकांवर गार पाणी मारायचं नाही. नव्या पॅडना पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक नको. आठवड्याला एकदा चाकांच्या आत आणि खाली साध्या पाण्याचा फवारा, मीठ जावं म्हणून. वायपरखाली साचणारा आंब्याचा पाला रोज काढायचा, नाहीतर पाण्याची वाट तुंबते. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना, दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, रंग बरा दिसला तरी.

उणिवाही सांगते. गाडीच्या कॉम्प्युटरमधून बिघाड वाचणारा स्कॅनर नाही, त्यामुळे डॅशबोर्डवर दिवा लागला तर इथे उपयोग नाही. वेळ पाळली जात नाही, ‘तासाभरात’ म्हणजे दोन तास धरा. बिल पक्कं हवं असेल तर आधी सांगावं लागतं. वॉरंटीतली गाडी असेल तर फ्री सर्व्हिस शोरूमलाच करा आणि इथल्या कामाचा कागद जपून ठेवा, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. पॅड तसेही वॉरंटीत बसत नाहीत.

गेल्या महिन्यात आईला घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्रींनी चारही चाकं फिरवून बघितली आणि एका पैशाचं काम निघालं नाही म्हणून एकही पैसा घेतला नाही. उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही, असं बजावलं. आई सगळा घाट डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा मी चाकांजवळ जाऊन वास घेतला. जळका वास नव्हता.

सोमवारी बंद असतं. सकाळी नऊच्या आत पोचलात तर दुपारपर्यंत गाडी मिळते. गणपतीच्या आधीचा आठवडा मात्र टाळा, मुंबईहून आलेल्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत असते.