खुबा बदलताना चिरा समोरून की मागून?

खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं की घरात लगेच हा प्रश्न निघतो. बसवायचा कृत्रिम सांधा तोच असतो, बदलते ती त्याच्यापर्यंत पोचायची वाट. हा फरक मुख्यतः पहिल्या सहा आठवड्यांत जाणवतो. सहा महिन्यांनंतर समोरून आणि मागून झालेले रुग्ण बहुधा सारखेच चालतात.

समोरून केल्यास सर्जन दोन स्नायूंच्या फटीतून जातो. त्यामुळे सुरुवातीचं दुखणं कमी असतं, वॉकर थोडा आधी सुटतो आणि बसण्या-वळण्याची बंधनं कमी राहतात. पण मांडीची बाहेरची बाजू काही महिने बधिर राहू शकते. सराव कमी असलेल्या हातून मांडीचं हाड तडकण्याची भीती जास्त. शिवाय चिरा जांघेजवळ येतो. पोट सुटलेलं, मधुमेह आणि त्यात सोलापूरचा मे महिना, म्हणजे घामाने जखम चिघळायला वेळ लागत नाही. अशा रुग्णाला मागची वाट बरी, असं आमचं मत.

मागून करताना खुबा बाहेर वळवणारे छोटे स्नायू सोडवून पुन्हा शिवतात. ते जुळेपर्यंत, साधारण सहा आठवडे, खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाय आत वळवायचा नाही. ही तिन्ही एकदम झाली की सांधा निखळू शकतो. खुर्चीत बसून खाली पडलेला चष्मा उचलताना नेमकं तेच होतं. म्हणून ऑपरेशनआधीच कमोडवर उंच सीट बसवा, पाट आणि जमिनीवरची गादी बाजूला ठेवा, आणि बसल्यावर गुडघा खुब्याच्या खालीच राहील इतका पलंग उंच करा. झोपताना पायांमध्ये उशी हवीच.

बाजूने केल्यास सांधा सहसा निखळत नाही, पण चालताना तोल धरणारा स्नायू दुखावतो आणि लंगडणं काही महिने रेंगाळू शकतं.

जिना मात्र तिघांना सारखाच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. ऑपरेशन पुण्यात करून घेतलं, तर सोलापूरपर्यंतच्या परतीच्या सुमारे अडीचशे किलोमीटरांत दर तासाला गाडी थांबवून चार पावलं चालवा. पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते.

सर्जनला सरळ विचारा, तुमचा रोजचा हात कोणत्या वाटेवर बसलाय? त्याची सवयीची वाट सहसा बदलायला लावू नका. आणि घरातली बाई जमिनीवर मांडी घालून विड्या वळत असेल, तर हे ऑपरेशनआधीच सांगा. तिच्यासाठी उंच खुर्ची-टेबलाची सोय तेव्हाच करावी लागते.