होस्टिंगचा मेल : 25 एमबी म्हणे! (काही महिने वापरल्यावर)

शेअर्ड होस्टिंग (साईट ठेवायला सर्व्हरवर इतरांसोबत वाटून घेतलेली भाड्याची जागा) दिवाळीच्या आधी घेतलं, एकाच सर्व्हरवर आमच्या चार प्रोजेक्टच्या साईट आहेत. स्पीड ठीक, साईट सांभाळायचं पॅनल सगळ्यांना माहितीय तेच सीपॅनल, त्यावर लिहीत बसत नाही. राग आहे तो मेलचा.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आमचा टॉवेलवाला क्लायंट, जॅकार्डच्या (मागावर विणायच्या नक्षीच्या) डिझाईनच्या बीएमपी म्हणजे चित्राच्या फायली मेलवरच मागवतो. 20 एमबीची फाईल पाठवली की 552 चा (मेल फार मोठा झाल्याचा) एरर घेऊन परत. प्लॅनवर ठळक 25 एमबी लिहिलंय! चॅटवरचा पोरगा म्हणतो, "सर लिमिट क्रॉस झालीय." अरे, 20 हे 25 च्या वर कधीपासून गेले बे? तर भानगड अशी, की अटॅचमेंट मेलमध्ये जाताना बेस64 होते, म्हणजे साध्या अक्षरांत बदलते, दर 3 बाइटचे 4 होतात, वर ओळी तोडायचा खर्च, म्हणजे धरून चला 37 टक्के वाढ. 20 चे झाले 27. मिठाईवाला खोक्यासकट वजन करतो ना, तसलाच प्रकार. 25 च्या लिमिटमध्ये खरं तर 18 च्या वर काही घालायचंच नाही, पण हे छापणार कोण? पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅमचं डिफॉल्ट लिमिट तर 10240000 बाइट आहे, तिथे साडेसात एमबी म्हणजे काठावर. बरं, वाटेत जितके सर्व्हर लागतील त्यातल्या सगळ्यात चिंगूस सर्व्हरचं लिमिट चालतं.

यावर मी एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण बीएमपी झिप केली तर रंग कमी असल्यामुळे एवढीशी होते, त्यामुळे तो विषय मिटला.

खरा घोळ गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेच्या) दिवसांत झाला. होस्टिंगवाल्यांनी न सांगता सर्व्हर बदलला आणि क्लायंटच्या साईटवरच्या चौकशीचे मेल बंद. फॉर्म म्हणतो "पाठवला", बाउन्स (मेल परत येणं) नाही, काही नाही, बाहेरून पाठवलेला मेल मात्र बरोबर येतो. क्लायंटचा मेल गुगल वर्कस्पेसवर (गुगलच्या कंपनी-मेलवर), एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर जावा ती नोंद) चोख. शेवटी सीपॅनलमध्ये ईमेल राउटिंग उघडलं तर तिथे "लोकल" करून ठेवलेलं! म्हणजे सर्व्हर स्वतःच्या डोमेनसाठी एमएक्स बघतच नाही, मेल घरातच ठेवतो. सगळ्या चौकश्या मेन अकाउंटच्या बॉक्समध्ये, डिझाईनच्या फायलींसकट, वर आमचाच जागेचा कोटा खाऊन. "रिमोट" केलं आणि लगेच सुरू.

सपोर्टने याबद्दल साधं सॉरी नाही म्हटलं. तरी दोन स्टार देतो, चार साईट दुसरीकडे हलवायचा खर्च कोण करणार. रिन्यूअलला भाव वाढवला तर मात्र गेलोच.