मराठी-इंग्रजी मॅन्युअल तपासायला रायटर की हनस्पेल?

उद्यमनगरातल्या फौंड्रीच्या स्टॉक-सॉफ्टवेअरचं मॅन्युअल मराठीत, बटणांची नावं इंग्रजीत. शुद्धलेखन तपासायचं कशात?

लिबरऑफिस रायटर, म्हणजे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर, लिपी बघून शब्दकोश आपोआप निवडतं. मात्र देवनागरीची भाषा हिंदी राहिली आणि हिंदीचा शब्दकोश बसलेला असला, तर धडधडीत बरोबर मराठी शब्द लाल होतात. आधी सेटिंगमध्ये मराठी करा. मॅन्युअलमधल्या कोडच्या स्टाइलची भाषा 'None' (कुठलीच नाही) करा.

हनस्पेल म्हणजे कमांड देऊन चालवायचा शुद्धलेखन-तपासनीस. त्याला मराठी-इंग्रजी दोन्ही शब्दकोश एकदम देता येतात, शंभर फाइली एका कमांडमध्ये तपासून होतात. पण साध्या मजकुरात तो कोडलाही शब्दच समजतो.

खरी डोकेदुखी दोन्हीकडे सारखीच: आपल्या जादा शब्दांच्या यादीत नुसता 'सर्व्हर' घातला, तर 'सर्व्हरवर', 'सर्व्हरचा' अडतात. प्रत्ययासकट रूपं घाला.

दोन्ही फुकट. एकच जाडजूड मॅन्युअल असेल तर रायटर. दर आठवड्याला बदलणाऱ्या फाइली असतील तर हनस्पेलच.