साडेतीन किलोमीटरची गाडी : १६ महिने, ३,१०० किलोमीटर आणि सायलेन्सरचं एक भोक

सोळाव्या महिन्यात सायलेन्सर फुटला. गाडी पडली नाही, कुठे आदळली नाही, गतिरोधकाला घासली नाही. पोटाखाली, शिवणीला लागून, उडदाच्या डाळीएवढं छिद्र आतून गंजून पडलं आणि फटफट आवाज सुरू झाला. मोटरसायकल १२५ सीसीची, बीएस-६ (धुरासाठीचे सरकारी निकष), फ्युएल इंजेक्शन, बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहे. गोव्यात पणजीजवळच्या रायबंदरहून पणजीतल्या पाटोपर्यंत, एका फेरीला साडेतीन किलोमीटर, आणि संध्याकाळी परत, एवढंच या गाडीचं काम. या गाडीबद्दलची मतं मी आधीही मांडली होती, त्यातली काही आता बदललीत. ज्यांची धाव एवढीच आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मॅन्युअलमधलं सर्व्हिसचं वेळापत्रक अशा वापराला पुरत नाही.

आधी भोकाचंच. बऱ्याच मोटरसायकलींच्या सायलेन्सरला खालच्या अंगाला दोन-तीन मिलिमीटरचं एक भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं. ती गळती नव्हे, पाण्याची वाट आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातल्या हायड्रोजनचं जवळपास एक लिटर पाणी होतं. एरवी ते वाफेच्या रूपात निघून जातं. पण सायलेन्सरचा पत्रा पन्नासेक अंशांच्या खाली असेल तर वाफेचं आतच पाणी होतं. साडेतीन किलोमीटरला आठ-नऊ मिनिटं लागतात. तेवढ्यात पुढचा पाईप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) चांगले तापतात, मागचा डबा मात्र कोमटच राहतो. मग इंजिन बंद, पाणी आत. संध्याकाळी त्यावर आणखी पाणी. हे पाणी धुरातले वायू विरघळल्यामुळे आंबट असतं, आणि पत्र्याला ते रात्रंदिवस खात बसतं. बाहेर यायला त्याला वाट एकच, ते भोक.

आणि तेच बुजलेलं निघालं. पहिल्या सर्व्हिसला सर्व्हिस सेंटरने गाडीच्या पोटाला अँटी-रस्ट कोटिंग मारलं होतं, पैसे घेऊन. काळं, डांबरासारखं. सायलेन्सर उतरवून उलटा धरला तेव्हा भोक दिसेना. नखाने थर खरवडला तेव्हा सापडलं आणि त्यातून तपकिरी पाणी टेबलावर सांडलं, निदान अर्धा पेला. गंज लागू नये म्हणून जे मारलं त्यानेच गंज आत कोंडला. वॉरंटीचं विचारल्यावर उत्तर आलं की गंज वॉरंटीत बसत नाही. कोटिंग कोणी मारलं याची नोंद त्यांच्याच बिलावर आहे, तरी नाही. याचा राग आहे आणि तो राहणार, कारण मास्किंग टेपचा एक तुकडा लावला असता तर हे झालंच नसतं.

म्हणून, तुमच्याकडे असं कोटिंग झालं असेल तर आजच वाकून बघा. गाडी थंड असताना सायलेन्सरच्या खालून बोट फिरवा, भोक लागेल. सायकलची जुनी स्पोक घ्या, ती साधारण दोन मिलिमीटरची असते. एक इंचापेक्षा जास्त आत घालू नका, आतल्या जाळीला किंवा काचेच्या लोकरीला धक्का लागतो. दोन-तीनदा फिरवून काढा. गंजाची पापुद्री पडेल, मग थेंब येतील. पुढच्या सकाळी गाडी चालू केल्यावर खाली जमिनीवर पाण्याचा डाग दिसला तर वाट मोकळी झाली म्हणायची. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा. काम दोन मिनिटांचं.

काही गॅरेजवाले हे भोक ‘लीक’ समजून वेल्डिंगने बंद करतात. करू देऊ नका. उलट, ज्या मॉडेलला असं भोकच नाही त्याला स्वतः ड्रिल मारू नका. चुकीच्या जागी पडलं तर आवाज वाढतो, पाणी तसंच राहतं आणि वॉरंटीवर बोलायला त्यांना आयतं कारण मिळतं.

इथे एक मत मागे घेतो. दहाव्या महिन्यापर्यंत माझं म्हणणं होतं की कंपनीने पत्राच हलका वापरलाय. ते खरं नाही. पणजीतल्या पायलटांकडे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्यांकडे, हेच मॉडेल आहे. त्यांच्या सायलेन्सरवर बाहेरून ओरखडे आहेत, रंग उडालाय, पण पोट शाबूत. त्यांची गाडी दिवसभर तापलेली असते, आत पाणी साठतच नाही. कमी चाललेली गाडी चांगली राहते ही आपली समजूत आहे, ती सोडायला हवी. सेकंडहँड घेताना ‘फक्त तीन हजार किलोमीटर’ ऐकून खूश होऊ नका, आधी सायलेन्सरच्या पोटावर बोटाने ठोका. दबका आवाज आला तर पत्रा गेलाय.

सकाळी गाडी पाच मिनिटं जागेवर चालू ठेवणं हा यावर उपाय नाही. त्याने पाणी जास्त बनतं आणि डबा तापतच नाही. चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि कमी थ्रॉटलवर निघा. खरा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा निदान अर्धा तास सलग, गाडीवर थोडा भार पडेल अशी फेरी. रायबंदरहून जुनं गोवं, बाणस्तारी, म्हार्दोळ करत फर्मागुढीची चढण चढून परत यायचं. चढणीला इंजिन खऱ्या अर्थाने तापतं. चाळीसेक किलोमीटरचं पेट्रोल जातं, पण एका वर्षाचं ते पेट्रोल नव्या सायलेन्सरपेक्षा स्वस्त पडतं, हिशेब करून बघा. बीएस-६ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा त्याच एका तुकड्यात येतो, त्यामुळे किंमत जुन्या गाड्यांसारखी राहिलेली नाही.

मी तूर्त पॅच लावून घेतला. पातळ पत्र्यावर आर्क वेल्डिंग केलं तर छिद्र मोठं होतं. गॅसवर पितळेची झाळ देणारा माणूस शोधा. सायलेन्सर गाडीवर असताना वेल्डिंग करू देऊ नका, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) जाऊ शकतो. उतरवताना ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर आधी सोडवा. इंजिनच्या तोंडाशी असलेले दोन नट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा आणि सरळ जोर लावू नका: थोडा सैल, परत थोडा घट्ट, परत सैल, असं करत काढा. नट ज्यावर बसतो तो स्टड इंजिनच्या हेडमध्ये तुटला तर पॅचच्या कितीतरी पट खर्च येतो. बसवताना गॅस्केट नवं घाला आणि आट्यांना कॉपर ग्रीस लावा.

सायलेन्सरमध्ये जे झालं तेच इंजिन ऑईलमध्ये होतं. ऑईल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या चहावर येते तशी फिक्कट साय दिसली तर घाबरू नका. या गाडीला कूलंट नाही, इंजिन हवेवर थंड होतं, त्यामुळे ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं कारण नाही. ती ऑईलमध्ये मिसळलेली ओल आहे. त्याच्या जोडीला थंड इंजिनला इंजेक्शन जास्त पेट्रोल देतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने खाली उतरतं. डिपस्टिकवर ऑईलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर किलोमीटर न बघता ऑईल बदला.

म्हणजे हिशेब महिन्यांचा ठेवायचा. मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट बघितली असती तर या गाडीचं ऑईल दीड वर्ष आत राहिलं असतं. आता वर्षातून दोनदा: मेच्या शेवटी पाऊस लागण्याआधी, आणि दसऱ्याच्या आधी. १०डब्ल्यू३० (हा दाटपणाचा आकडा), जासो एमए किंवा एमए२ (हे मोटरसायकलच्या ऑईलचे दर्जे) लिहिलेलंच, कारण क्लच याच ऑईलमध्ये भिजलेला असतो आणि कारचं ऑईल घातलं तर तो सरकायला लागतो. लिटरचा डबा पुरतो. ऑईल काढायचं ते फर्मागुढीची फेरी झाल्यावर, गरम असताना; थंड ऑईल काढलं तर चिखल तळाशीच राहतो. ड्रेन बोल्टचा अॅल्युमिनियम वॉशर दर वेळी नवा.

बॅटरीवर मी सहाव्या महिन्यात फार टीका केली होती. थोडी अन्याय्य होती. ४ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची बॅटरी, दिवसात चार-पाच वेळा सेल्फ, इंजिन चालू की हेडलाईट चालू, आणि भरून यायला आठ मिनिटं. जेवढं काढतो तेवढं परत जात नाही. स्वस्तातला मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.६ व्होल्टच्या वर दिसलं तर ठीक, १२.३ च्या आसपास आलं तर चार्ज करा. चार्जर ०.४ अँपिअरचा, रात्रभर. कारचा मोठा चार्जर लावू नका. दोन हजारांच्या आसपास आरपीएमवर १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळालं तर चार्जिंग नीट आहे, दोष वापराचा आहे. किक असेल तर सकाळची पहिली स्टार्ट किकने मारा. पण बॅटरी पूर्ण बसली तर किकवरही इंजेक्शनची गाडी उठेलच असं नाही, कारण गाडीतल्या पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाला वीज लागते.

चेनला पूर्ण कव्हर आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. आत बघा. रायबंदरचा बांध ओलांडताना एका अंगाला मांडवी, दुसऱ्याला खारफुटी आणि मिठागरं. पावसाळ्यात नदीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, खरा खारटपणा एप्रिल-मेमध्ये असतो. तेव्हा बसलेलं मीठ जूनच्या पहिल्या सरीत भिजतं आणि चेन आठवड्यात लाल होते. म्हणून चेन साफ करायची ती मेमध्ये, पावसानंतर नव्हे. कव्हर काढा, रॉकेल आणि मऊ ब्रश, कोरडी पुसा, ९० नंबरचं गिअर ऑईल आतल्या बाजूने थेंब थेंब, अर्ध्या तासाने जादाचं पुसून टाका. ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक अशा गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर. कव्हरचे बोल्ट परत लावताना ग्रीसचा ठिपका द्या. चोडणच्या फेरीबोटीवरून रोज जाणाऱ्यांनी हे महिन्याला करावं; भरतीला धक्क्यावरचं पाणी थेट चाकावर येतं.

मागचा ड्रम ब्रेक दोन-तीन दिवस पावसात उभ्या गाडीला चिकटतो. गाडी मागेपुढे हलवून सोडवा, पहिल्या शंभर मीटरमध्ये दोन-तीनदा हलका दाबा. गाडीवर जमिनीपर्यंत प्लास्टिक टाकू नका, ओल आत कोंडते. टाकी पावसाळ्यात भरलेली ठेवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल रिकाम्या टाकीतल्या हवेची ओल पितं.

मायलेज टाकी-ते-टाकी मोजलं: रोजच्या वापरात लिटरला ४४, फर्मागुढीच्या फेऱ्यांसकट ४९. फरक गाडीचा नाही, थंड इंजिनचा आहे.

पाच महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर घेऊ नका म्हटलं असतं. आता म्हणतो, इंजिन, गिअर, सीट, सगळं चोख आहे, घ्या. फक्त डिलिव्हरीच्या दिवशी कागदावर लिहून घ्या की पोटाला कोटिंग मारायचं नाही, आणि मारायचंच असेल तर सायलेन्सर सोडून. माझा पॅच अजून टिकलाय. त्या भोकाभोवती मी पांढऱ्या रंगाने गोल काढून ठेवलाय, म्हणजे पुढच्या सर्व्हिसला कोणी खाली वाकलं तरी ते चुकणार नाही.