मुक्त सॉफ्टवेअर, हरित क्लाउड आणि आमच्या वाचनालयाचे ६८,२०० रुपये

वाचनालयाला क्लाउडवर नेतो म्हणून एका भामट्यानं आम्हाला फसवून पैसे नेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात तो दीड लाखावर पोचलाय आणि त्यातले थोडे मी खाल्ले असंही पारावर चालू आहे. ३५,४०० 'परवाना शुल्क', ११,८०० 'हरित प्रमाणपत्र' आणि २१,००० 'परतावा अनामत'. एकूण ६८,२००. तिन्ही पावत्या माझ्याकडे आहेत, तिन्ही खोट्या.

मी पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, त्या पाण्यात आमची खालच्या फळ्यांवरची सगळी पुस्तकं गेली. भिजून इतकी फुगली होती की कपाटाची दारं पहारीनं उचकटावी लागली. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. तेव्हापासून समितीच्या बैठकीत एकच विषय, दाखल नोंदवही आणि जुनी इतिवृत्तं पुराच्या बाहेर कुठं ठेवायची. अशा गावात कुणी येऊन क्लाउड, म्हणजे सगळं इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर ठेवायचं, म्हटलं तर लोक ऐकणारच. ही सगळी माहिती तो भामटा आधी काढून आला होता, याबद्दल मला आता शंका नाही.

खादीचा झब्बा, बोलणं गोड. "सर, हे बाजारू कंपन्यांचं काम नाही. लोकांचं तंत्रज्ञान आहे. कोहा नाव ऐकलंय?" ऐकलं होतं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी बनलेलं, २००० साली सुरू झालेलं, आता जगभर वापरात असलेलं, फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर. त्यातलं काही खोटं नव्हतं, आणि तिथंच तर घात झाला. माल खरा, विकणारा भामटा.

त्यानं लॅपटॉपवर "तुमचं वाचनालय" उघडून दाखवलं. आमच्या ग्रंथपाल ताईंनी संध्याकाळी बसून पन्नासेक पुस्तकं त्यात भरलीसुद्धा. सकाळी बघतात तर एकही नाही. फोन केल्यावर तो म्हणाला, "सर्व्हर सोलरवर आहे ताई, रात्री सिंक व्हायला वेळ लागतो." ते कुणालाही बघता येणारं नमुन्याचं संकेतस्थळ होतं, ठरावीक वेळानं आपोआप पुसलं जाणारं, हे मला नंतर कळलं. ताई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "सर, सोलरचा आणि पुस्तकं जायचा काय संबंध?" मी म्हटलं, बघू.

पण मला आजही झोपू देत नाही ती त्या दरपत्रकातली ओळ. 'परवाना शुल्क, प्रति संगणक १५,०००. संगणक २. अधिक जीएसटी १८ टक्के.' मुक्त सॉफ्टवेअर, आणि मशीनमागं परवाना! मी शाळेत पोरांना लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली शिकवलीय. एकदा मिळालं की शंभर मशीनवर टाका, कुणी पैसे मागणार नाही, हे फळ्यावर लिहून दिलंय. त्यात कोहा तर ब्राउझरमध्ये चालतं, संगणकामागं काही मोजायचा प्रश्नच येत नाही. मी विचारलंही. तो शांतपणे म्हणाला, "पैसे सेवेचे आहेत सर, पण तुमच्या ऑडिटला शीर्षक लागतं ना, म्हणून परवाना लिहितो." आता सांगा, ज्यानं सरकारी अनुदानाचं ऑडिट एकदा तरी भोगलंय त्याला हे पटणार नाही का? शीर्षकावरून आमचा चहाचा खर्च नामंजूर झालेला आहे.

पैसे भरायला त्यानं दिलेला क्यूआर स्कॅन केल्यावर त्याच्या संस्थेच्या नावाऐवजी मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याशा दुकानाचं नाव आलं. तिथं बोट थांबवा. माझं थांबलं नाही, कारण समोर चार माणसं बसली होती.

हरित प्रमाणपत्राचे ११,८०० मी पेन्शनमधून घातले. त्यावर '५ आरईसी' असं छापलंय. अक्षय ऊर्जेचं एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॉट-तास, आपल्या भाषेत १,००० युनिट. पाच म्हणजे ५,००० युनिट! आमच्या दोन ट्यूब, एक पंखा आणि संगणकांना तेवढं जाळायला कित्येक वर्षं लागतील. आणि ही प्रमाणपत्रं वीज बाजारात विकली जातात, व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून येत नाहीत. 'ग्रीन' म्हणणाऱ्याला विचारा, सर्व्हर कुठल्या गावात आहे आणि वीज कुणाची. सौर पॅनेलचा फोटो हे उत्तर नव्हे.

पावतीवर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी क्रमांक २९ नं सुरू होणारा. २९ कर्नाटक, महाराष्ट्राचा २७. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता क्रमांक तपासता येतो, दोन मिनिटांचं काम आहे.

एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, अडीच लाख मिळवून देतो म्हणाला, त्यासाठी २१,००० अनामत. ती भरली आणि फोन बंद.

इथून पुढचा संताप वेगळा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे संस्थेचे, समितीचा ठराव आणा. ठराव नेला. मग करार आणा. करार नाही म्हटल्यावर, "मग हे दिवाणी आहे सर." खोट्या पावत्या, खोटा जीएसटी क्रमांक, आणि हे दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं, तिथं म्हणाले तुमच्या ठाण्यातूनच यायला हवं. नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार नोंदवून घ्यायची आहे, हे मी छापून नेलं तर साहेब म्हणाले, "मास्तर दिसताय." अनुदान देणाऱ्या कचेरीत तर मलाच विचारलं, ई-ग्रंथालय हे वाचनालयांचं सॉफ्टवेअर सरकार फुकट देतंय, तुम्हाला हे कुणी करायला सांगितलं? खरं आहे, केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय फुकट आहे. मग ते आमच्यापर्यंत आणून द्यायला इतक्या वर्षांत एक माणूस का आला नाही? भामटा मात्र दारात आला, तोही एसटीनं. आता ऑडिटर म्हणतात, पावती खोटी म्हणजे खर्च अमान्य, वसुली कार्यवाहाकडून.

शंका येताच, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. मी पाच आठवड्यांनी लावला. तोवर त्या खात्यात काय उरलं असणार.

एक गोष्ट तेवढी वाचली. जुनी इतिवृत्तं स्कॅनिंगला पुण्याला नेतो म्हणून तो मागत होता आणि मी द्यायला निघालो होतो. ताईंनी कपाटाची किल्ली दिली नाही. म्हणाल्या, "स्कॅनर इकडं आणा म्हणावं."

परवा कराडकडच्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला. तोच झब्बा, तेच दरपत्रक, नाव फक्त दुसरं. पैसे अजून दिलेले नाहीत, सोमवारी तो पुन्हा येणार आहे. मी लगेच आमच्या ठाण्यात जाऊन सांगितलं. ठाणे अंमलदारांनी वहीतून मान वर न काढता विचारलं, "कराड म्हणजे सातारा जिल्हा ना?"