टक्कर, घर्षण आणि स्प्रिंगची गणितं: फेट सिम्युलेशन्स काही महिने वापरल्यानंतर

अकरावीच्या मुलांना यांत्रिकी शिकवताना गेले काही महिने मी फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे विज्ञानाचे प्रयोग, नियमित वापरतो आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या या प्रकल्पाची सुरुवात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये केली. सगळं मोफत आहे. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतं, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही आणि बऱ्याच सिम्युलेशन्सचा मराठी अनुवादही मिळतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून विज्ञान शाखेला आलेल्या मुलांना त्याचा मोठा आधार वाटतो.

माझा वापर मुख्यतः एकाच जातीच्या गणितांसाठी झाला. नमुना असा: १ किलोचा ठोकळा ६ मी/से वेगाने येऊन २ किलोच्या स्थिर ठोकळ्यावर आदळतो आणि चिकटतो. जोडी तिथूनच सुरू होणाऱ्या ०.५ मीटर खरखरीत पट्ट्यावरून घसरते, घर्षण गुणांक ०.२. पुढे गुळगुळीत भागावर ६०० न्यूटन/मीटरची स्प्रिंग आहे. ती किती दबेल?

बहुतेक मुलं सुरुवातीची १८ ज्यूल गतिज ऊर्जा धरतात आणि तीच थेट स्प्रिंगपर्यंत नेतात. इथे ‘कोलिजन लॅब’ कामाला येते. तिच्यातल्या अप्रत्यास्थ टक्करीच्या (जिच्यात गतिज ऊर्जा घटते) भागात २ किलोचा चेंडू स्थिर ठेवा आणि १ किलोचा त्याच्यावर समोरून आदळवून चिकटवा. येणाऱ्या चेंडूचा वेग कितीही ठेवा, टक्करीनंतर गतिज ऊर्जा एक तृतीयांशच उरते आणि एकूण संवेग (वस्तुमान × वेग) मात्र जराही हलत नाही. फळ्यावर कितीही वेळा लिहून जे ठसत नव्हतं, ते मुलांनी स्वतः वस्तुमानं बदलून पाहिल्यावर पक्कं बसलं. आमच्या गणितात वेग २ मी/से होतो, १८ पैकी ६ ज्यूल उरतात. टक्करीच्या क्षणी संवेग, त्याच्या आधी आणि नंतर ऊर्जा, ही कापणी कुठे करायची हेच या गणितांचं मर्म आहे, आणि ते दाखवण्यात हे साधन अप्रतिम आहे. प्रत्यास्थतेचा स्लायडर हळूहळू शून्याकडे आणत नेणं तर प्रत्येक वर्गात एकदा तरी करावंच.

घर्षणासाठी ‘एनर्जी स्केट पार्क’. घर्षण वाढवलं की औष्णिक ऊर्जेचा स्तंभ चढतो, एकूण ऊर्जेचा तसाच राहतो. समजूत येण्यासाठी पुरेसं आहे, आकडेमोडीसाठी नाही, कारण स्लायडरवर घर्षण गुणांकाचा आकडा नसतो. ते काम वहीतच: गुरुत्वत्वरण १० धरून घर्षण बल ०.२ × ३ × १० = ६ न्यूटन, अर्ध्या मीटरमध्ये ३ ज्यूल गेले, ३ उरले.

स्प्रिंगच्या टप्प्याला मी टांगत्या वजनांचं सिम्युलेशन घेत नाही. तिथे गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा मध्ये येते आणि आडव्या गणितात मुलांचा गोंधळ उडतो. ‘हुक्स लॉ’मधला बल आणि विस्थापनाचा आलेख जास्त उपयोगी. त्याखालचा त्रिकोण पाहिला की स्प्रिंगमध्ये साठणाऱ्या ऊर्जेच्या ½kx² या सूत्रातला (k स्प्रिंगचा स्थिरांक, x दबलेलं अंतर) अर्धा कुठून आला हे विचारावं लागत नाही. मग ३ = ३००x², म्हणजे x = ०.१ मीटर, १० सेंमी.

एक उणीव खटकते. टक्कर, घर्षण आणि स्प्रिंग तिन्ही एकत्र येतील असं एकच सिम्युलेशन मला सापडलेलं नाही. कोलिजन लॅबमध्ये घर्षण नाही, त्यामुळे तीन खिडक्यांतून गणित जोडत न्यावं लागतं. हुशार मुलांना हे जमतं, बाकीच्यांना शिक्षक शेजारी हवा.

आणि वापरण्याची पद्धत फार महत्त्वाची आहे. आधी वहीत उत्तर, मगच पडद्यावर चाचणी, हा नियम मी मोडू देत नाही. आधीच बटण दाबू दिलं की मुलं गंमत बघतात आणि घरी जातात. अंदाज लिहून मग पाहिलं की चुकलेल्याला कारण हवं असतं, आणि तिथून पुढची पंधरा मिनिटं वर्ग सांभाळावा लागत नाही.

याचा परिणाम मला मुलांच्या प्रश्नांत दिसतो. हेच गणित सुटल्यावर आता कुणीतरी विचारतंच, “सर, स्प्रिंगने परत ढकलल्यावर जोडी कुठे थांबेल?” उत्तर सुंदर आहे: स्प्रिंग ३ ज्यूल परत देते, पट्टा अर्ध्या मीटरला ३ ज्यूल खातो, म्हणून जिथे टक्कर झाली तिथेच. पट्टा स्प्रिंगखालीही खरखरीत असेल तर ३००x² + ६x = ३ सोडवायचं. स्प्रिंग साधारण ९ सेंमी दबते, आणि परतताना जोडी टक्करीच्या जागेपासून सुमारे १८ सेंमी अलीकडेच अडकते.