मागेल त्याला सौर कृषी पंप: पाच एचपी, वर्षभर वापरून

अंबड तालुक्यात आमची चार एकर, त्यात दोन एकर मोसंबी. या विहिरीवर लाईटचं कनेक्शन नव्हतं, डिझेल इंजिन होतं, म्हणून राज्य सरकारच्या या योजनेत बसलो. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, त्यावर साडेसात. किमतीच्या दहा टक्के आपण भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी पाच, बाकी सरकारचे.

सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर आधी तलाठ्याकडे जा. आमची विहीर सामाईक, त्यामुळे चुलत दिरांची संमतीही लागली. ती कशी मिळवली ते विचारू नका.

पैसे भरल्यावर यादीतून कंपनी आपणच निवडायची. इथं घाई नको. ज्यांच्याकडे पंप बसलाय त्यांना एकच विचारा: फोन केल्यावर माणूस येतो का? आमचा कंट्रोलर, म्हणजे प्लेटांच्या विजेवर पंप चालवणारा डबा, ऐन एप्रिलात बंद पडला. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे असते, पण माणूस उगवेपर्यंत मोसंबीची पानं वळली. आल्यावर कार्ड बदललं, पैसा घेतला नाही, हेही खरं.

पंप मात्र आवडला. उन्हाळ्यात झाडाला पाणी जास्त लागतं तेव्हाच ऊन कडक, म्हणजे पंपही जोरात. सकाळी नऊच्या आधी ठिबकला दाब मिळत नाही, शेवटच्या झाडापर्यंत थेंब पोचत नाही. म्हणून बागेचे दोन व्हॉल्व्ह केले. लांबचा भाग अकरानंतर, जवळचा सकाळी. शेजारच्या बांधावर आठवड्याआड रात्रपाळीची लाईट येते, हातात टॉर्च घेऊन बाया-माणसं साप चुकवत दारं धरतात, म्हणजे एका सरीतून दुसरीत पाणी वळवतात. आमच्याकडे ते नाही, आणि डिझेलचा खर्चही गेला.

खरा त्रास ऑगस्टात. आभाळ दिवसभर भरलेलं आणि पडत काहीच नाही. कपाशी पाणी मागते आणि पंप नुसता कण्हतो. अशा दिवसांसाठी जुनं इंजिन विकू नका.

प्लेटांवरची धूळ आठवड्याला धुवायची, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

गव्हाला ठिबकऐवजी मोकळं पाणी सोडणाऱ्यांनी डिसेंबरचा लहान दिवस धरूनच क्षेत्र ठरवावं. आम्ही गहू अर्ध्या एकरावर आणला, बाकी हरभरा पेरला.